कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांची नेत्रतपासणी : केव्हा, कशी आणि कशासाठी

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी बहुतेक माणसे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोनच वेळा जातात : लांबचे धूसर दिसू लागले की, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला की. मधल्या काळात लेन्स नीट बसते आहे, स्पष्ट दिसते आहे आणि काही खुपत नाही, त्यामुळे डोळा ठणठणीत आहे असे गृहीत धरले जाते. चष्म्याच्या बाबतीत हे गृहीतक बरेचसे चालून जाते, कारण चष्मा डोळ्याला शिवत नाही. लेन्स मात्र दिवसाचे दहा-बारा तास डोळ्याच्या अतिशय नाजूक पृष्ठभागावर टेकलेली असते आणि तिच्यामुळे होणारे बरेचसे बदल सुरुवातीला दुखत नाहीत, आरशात दिसत नाहीत आणि नजरही अधू करत नाहीत. ते तपासणीच्या यंत्राखालीच दिसतात. त्यामुळे तक्रार नसतानाही तपासणी का करून घ्यावी, ती किती दिवसांनी करावी, जाताना काय तयारी करावी आणि तिथे काय काय पाहिले जायला हवे, हे प्रत्येक लेन्स वापरणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

डोळा तक्रार का करत नाही

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि नसतात म्हणूनच ते पारदर्शक राहते. शरीराच्या इतर भागांना रक्तातून मिळणारा प्राणवायू पारपटलाला मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असताना पापणीच्या आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्यांमधून तो येत राहतो, परंतु त्याचे प्रमाण बरेच कमी असते. लेन्स घातली की हवा आणि पारपटल यांच्यामध्ये आणखी एक थर येतो.

लेन्समधून किती प्राणवायू पार होतो हे सांगणारे एक मोजमाप असते. लेन्सच्या माहितीपत्रकात ते डीके/टी या नावाने दिलेले आढळते. पारपटलाला सूज येऊ नये यासाठी हा आकडा किमान किती असावा, याचा अभ्यास होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी 1984 साली प्रसिद्ध केला. केवळ दिवसा वापरायच्या लेन्ससाठी त्यांनी काढलेला आकडा सुमारे 24 होता, तर लेन्स घालून झोपायचे असेल तर सुमारे 87. या दोन आकड्यांतील तिपटीहून मोठा फरक पाहिला की लेन्स घालून घेतलेली दुपारची डुलकीसुद्धा पारपटलाच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट का नसते, हे ध्यानात येते. 1990च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समुळे प्राणवायूचा प्रश्न पुष्कळच सुटला, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. मात्र जंतुसंसर्ग, कोरडेपणा, लेन्सची चुकीची बसणी आणि लेन्सवर साचणारा थर हे प्रश्न त्या लेन्सनेही मिटलेले नाहीत.

प्राणवायू सतत अपुरा पडत राहिला तर पारपटलाच्या कडेने, जिथे पांढरा भाग सुरू होतो तिथून, बारीक रक्तवाहिन्या आतल्या बाजूला शिरू लागतात. त्या दुखत नाहीत. त्या मध्यभागापासून दूर असेपर्यंत दिसण्यातही काही फरक पडत नाही. वेळेवर लक्षात आले आणि लेन्सचा प्रकार किंवा वापराचे तास बदलले, तर त्यांतील रक्त ओसरते आणि वाढ थांबते. रिकाम्या वाहिन्यांच्या फिकट रेषा मात्र मागे राहू शकतात आणि पुन्हा ताण पडला की त्याच वाटेने रक्त परत येते.

पारपटलाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. या पेशी पारपटलात शिरणारे पाणी सतत बाहेर काढत राहतात आणि त्यामुळे पारपटल काचेसारखे स्वच्छ राहते. तरुण वयात त्यांची संख्या दर चौरस मिलिमीटरला साधारण 2,500 ते 3,000 असते, वयानुसार ती हळूहळू घटते, आणि गेलेल्या पेशींच्या जागी माणसाच्या डोळ्यात नव्या पेशी तयार होत नाहीत. कमी प्राणवायू पोचवणाऱ्या लेन्स वर्षानुवर्षे वापरल्याने या पेशींचे आकार लहानमोठे आणि बेढब होत जातात. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ येते तेव्हा याच थराची शिल्लक महत्त्वाची ठरते. विशी-पंचविशीत लेन्स घालू लागलेल्या माणसाला त्या वेळी याची कल्पनाही नसते, म्हणून हे इथे जरा विस्ताराने सांगितले.

यात भर म्हणजे, पारपटलाची स्वतःची संवेदनाही बोथट होऊ शकते. एरवी हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भाग आहे. धुळीचा एक कण गेला तरी डोळ्याला धारा लागतात. दीर्घकाळ लेन्स वापरणाऱ्यांमध्ये ही संवेदना कमी झालेली आढळते, आणि मग पृष्ठभागावर ओरखडा असूनही माणूस ‘थोडेसे कोरडे वाटते’ एवढेच सांगतो. ज्या अवयवाने तक्रार करायची त्याचाच आवाज बसलेला असेल, तर काही त्रास नाही या गोष्टीवर कितपत विसंबावे?

तपासणी किती दिवसांनी

लेन्स पहिल्यांदाच लावली असेल तर एक-दोन आठवड्यांनी पहिली फेरतपासणी व्हायला हवी. दुकानात अर्धा तास घालून पाहिलेली लेन्स आणि आठवडाभर दिवसभर वापरलेली लेन्स डोळ्यावर सारखी वागत नाहीत. काही लेन्स काही तासांनी घट्ट होतात, काही कोरड्या पडून वर सरकतात. त्यानंतर साधारण एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी आणि सर्व काही ठीक असेल तर पुढे दर वर्षी एकदा, असा क्रम बहुतेकांना पुरतो. लेन्सचा ब्रँड, प्रकार किंवा मोजमाप बदलले की हा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा.

वर्षातून एकदा हे प्रमाण सर्वांना लागू पडत नाही. डॉक्टरांच्या संमतीने लेन्स घालून झोपणाऱ्यांनी, लहान मुलांनी आणि किशोरवयीनांनी, मधुमेह असलेल्यांनी, डोळे कोरडे पडणाऱ्यांनी, पूर्वी पारपटलावर जखम किंवा संसर्ग होऊन गेलेल्यांनी आणि केराटोकोनससाठी (यात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते) कठीण किंवा स्क्लेरल, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या, लेन्स वापरणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील त्याहून लवकर, जावे. रात्री घालून सकाळी काढायच्या, पारपटलाचा आकार तात्पुरता बदलणाऱ्या ऑर्थो-के लेन्सचे वेळापत्रक तर अगदी वेगळे असते. तिथे पहिल्याच रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होते.

रोज टाकून द्यायच्या लेन्स वापरणाऱ्यांचा असा समज असतो की रोज नवी लेन्स असल्यामुळे तपासणीची गरज उरत नाही. साफसफाईतील चुका आणि डबीतील जंतू यांपासून त्यांची सुटका होते हे खरे, आणि मला स्वतःला निवड करायची झाली तर मी याच लेन्स सुचवीन. परंतु लेन्सची बसणी, कोरडेपणा, नंबर आणि डोळ्याच्या आतल्या भागाची तपासणी या गोष्टी त्यांनाही चुकत नाहीत. हौसेखातर, नंबर नसताना रंगीत लेन्स घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पारपटलाला लेन्स कशासाठी घातली आहे हे कळत नाही.

जाताना काय न्यावे, काय करावे

वेळ ठरवतानाच ‘कॉन्टॅक्ट लेन्सची तपासणी’ असे स्पष्ट सांगावे, कारण ती चष्म्याच्या नंबराच्या तपासणीहून वेगळी आणि अधिक वेळ घेणारी असते. तपासणीला लेन्स घालूनच जावे, आणि ती निदान दोन-तीन तास आधी घातलेली असावी. पुष्कळजण डोळ्यांना आराम द्यावा म्हणून सकाळपासून लेन्स न घालता जातात. त्यामुळे ती प्रत्यक्ष वापरात कशी बसते हे पाहण्याची संधीच जाते. दुपारनंतर डोळे कोरडे पडत असतील तर वेळही दुपारनंतरचीच घ्यावी, म्हणजे तक्रार डॉक्टरांसमोर हजर असते. याला एक अपवाद आहे : डोळा लाल असेल किंवा दुखत असेल, तर लेन्स काढून, चष्म्यावर जावे.

लेन्सचे खोके किंवा त्यावरील पट्टी सोबत न्यावी. तिच्यावर नंबर, बेस कर्व्ह म्हणजे लेन्सची वक्रता, व्यास आणि मुदत हे सगळे छापलेले असते. ‘निळ्या खोक्यातली, महिन्याची’ एवढ्या वर्णनावरून काही ठरवता येत नाही. सध्या वापरात असलेला चष्मा, सोल्यूशनची बाटली आणि लेन्सची डबी हेही न्यावे. डबी न्यायला लोकांना संकोच वाटतो, पण तिच्या तळाशी हाताला बुळबुळीत लागणारा थर असेल तर तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो, आणि तो पाहिला की वारंवार डोळे का लाल होतात याचे उत्तर कधीकधी तिथेच मिळते.

चालू असलेल्या सर्व औषधांची यादी करावी, मग ती डोळ्यांची नसली तरीही. सर्दी-अॅलर्जीवरील गोळ्या, मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन आणि नैराश्यावरील काही औषधे यांमुळे डोळे कोरडे पडतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे अश्रूंना नारिंगी छटा येते आणि सॉफ्ट लेन्सवर कायमचा डाग पडतो. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकले गेले तर पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये आणि काळा चष्मा जवळ ठेवावा.

तपासणीच्या खोलीत

सुरुवात प्रश्नांनी होते, आणि माझ्या मते तपासणीचा हाच भाग रुग्णाच्या हातात सर्वांत जास्त असतो. दिवसाचे किती तास, आठवड्याचे किती दिवस, लेन्स घालून झोप लागते का, आंघोळीच्या वेळी किंवा पोहताना लेन्स डोळ्यात असतात का, महिन्याची लेन्स प्रत्यक्षात किती दिवस चालवता, डबी केव्हा बदलली : या प्रश्नांना पाठ केलेली आदर्श उत्तरे देऊ नयेत. लेन्स घालून आठवड्यातून दोनदा झोपणाऱ्याने ‘कधीच नाही’ असे सांगितले, तर डॉक्टर पारपटलावरच्या खुणांचे कारण दुसरीकडे शोधत बसतात. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, केवळ दिवसा सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्या 10,000 जणांमागे वर्षाला सुमारे 4 जणांना, तर रात्रंदिवस वापरायच्या सॉफ्ट लेन्स घालणाऱ्या 10,000 जणांमागे सुमारे 21 जणांना पारपटलाचा संसर्गजन्य व्रण झाल्याचे आढळले होते. दोन्ही आकडे लहान आहेत आणि लेन्स ही मुळात सुरक्षित वस्तू आहे. धोका वाढतो तो वापराच्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत आपण सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

मग लेन्ससह दृष्टी तपासतात, प्रत्येक डोळ्याची स्वतंत्रपणे, आणि लेन्सवर आणखी किती नंबर लागतो तेही पाहतात. त्यानंतर येतो स्लिट लॅम्प. हनुवटी आधारावर आणि कपाळ पट्टीला टेकवून बसायचे असते. समोरून प्रकाशाची एक अरुंद उभी पट्टी डोळ्यावर पडते आणि सूक्ष्मदर्शकातून डोळा साधारण दहा ते चाळीस पट मोठा दिसतो. प्रकाशाची पट्टी तिरकी सोडली की पारपटलाचा जणू उभा छेदच दिसतो आणि ओरखडा किंवा डाग किती खोलवर आहे हे समजते.

पहिली पाहणी लेन्स डोळ्यात असतानाच होते. लेन्स मधोमध बसली आहे का, पारपटल सगळीकडून झाकते का आणि पापणी मिटली-उघडली की किंचित हलते का, हे पाहतात. नीट बसलेली सॉफ्ट लेन्स प्रत्येक उघडझापीला मिलिमीटरच्या पाव ते अर्ध्या भागाएवढीच सरकते. पुढे खालच्या पापणीच्या कडेने लेन्स हलकेच वर ढकलून सोडतात. ती अलगद जागेवर आली तर ठीक, हटता हटेना तर ती घट्ट बसली आहे. घट्ट लेन्स हा फसवा प्रकार आहे, कारण न हलणारी लेन्स घालायला अतिशय आरामदायक वाटते. तिच्याखालचे अश्रू बदलले जात नाहीत, मृत पेशी आणि घाण तिथेच अडकून राहते, आणि लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या कडेची गोल खूण उमटलेली दिसते. अशी खूण घरी आरशात दिसली तरी ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

यानंतर लेन्स काढून डोळा पाहतात, आणि हा टप्पा कधीही गाळू देऊ नये. फ्लुरोसीन नावाच्या रंगाची नारिंगी कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली जाते आणि यंत्रातील प्रकाश निळा केला जातो. त्या प्रकाशात अश्रूंचा थर हिरवट-पिवळा चमकू लागतो. पारपटलाचा पृष्ठभाग शाबूत असेल तिथे रंग धरत नाही. पेशी दुखावल्या असतील तिथे झगझगीत हिरवे ठिपके उमटतात. हे ठिपके कुठे आहेत यावरूनच बरेचसे निदान होते. खालच्या भागात पट्ट्यासारखे असतील तर पापण्या पुरत्या मिटत नाहीत किंवा डोळा कोरडा पडतो; सगळ्या पारपटलावर विखुरलेले असतील तर सोल्यूशन मानवत नसल्याची शंका येते; वरच्या पापणीखाली कमानीसारखी रेघ असेल तर लेन्सची कड तिथे घासते; आणि कठीण लेन्स वापरणाऱ्यांत ते घड्याळाच्या तीन आणि नऊ या आकड्यांच्या जागी दिसतात. सॉफ्ट लेन्स हा रंग शोषून घेते, म्हणून डोळा धुऊन थोडा वेळ गेल्याशिवाय लेन्स परत घालू नये. त्यासाठीच चष्मा सोबत हवा.

याच रंगाने अश्रूंचा थर किती टिकतो तेही मोजतात. पापणी न हलवता समोर पाहत राहायचे. थरात पहिली काळी भेग पडेपर्यंत 10 सेकंदांहून जास्त वेळ गेला तर सामान्यपणे ठीक मानतात, त्याहून कमी असेल तर कोरडेपणाचा विचार करावा लागतो. पापण्यांच्या कडांना तेलकट स्राव देणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात. ती तुंबली असली तर अश्रू लवकर उडून जातात, आणि लोक बिचारे एकामागून एक लेन्सचे ब्रँड बदलत राहतात. शेक आणि पापण्यांची स्वच्छता यांनी सुटणारा प्रश्न अशा वेळी उगाचच लेन्सच्या माथी मारला जातो.

मग वरची पापणी उलटवून पाहतात. याची लोकांना भीती वाटते, पण त्यात दुखत नाही. खाली पाहायचे, पापण्यांचे केस धरून पापणी एका काडीवर वळवली की झाले. निरोगी अस्तर गुलाबी आणि तुळतुळीत असते. लेन्सवर साचलेल्या प्रथिनांच्या थराची अॅलर्जी झाली असेल तर तिथे फरसबंदी घातल्यासारखे उंचवटे दिसतात. लेन्स काढल्यावर खाज सुटणे, सकाळी डोळ्यात चिकट तार येणे आणि पूर्वी स्थिर असणारी लेन्स वर सरकू लागणे ही याची लक्षणे आहेत. सुरुवातीलाच पकडले तर काही आठवडे लेन्सला विश्रांती आणि नंतर रोज बदलायच्या लेन्स एवढ्यावर भागते. दुखणे अंगावर काढले तर लेन्स कायमची सोडावी लागू शकते. पापणी उलटवल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती पाहिली नसेल तर नम्रपणे विचारायला मुळीच हरकत नाही.

पारपटलाची वक्रता मोजणेही तपासणीत येते. लेन्समुळे, विशेषतः कठीण लेन्समुळे, पारपटलाचा आकार तात्पुरता बदलू शकतो आणि मग लेन्स काढून घातलेल्या चष्म्यातून काही काळ अंधुक दिसते. नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मापे घ्यायची असतील तर सॉफ्ट लेन्स साधारण एक-दोन आठवडे आणि कठीण लेन्स त्याहूनही जास्त दिवस आधी बंद करायला सांगतात, ते याचसाठी.

लेन्सचा नंबर चष्म्याच्या नंबराहून वेगळा असतो

चष्म्याच्या कागदावरचा नंबर पाहून लेन्स मागवणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर दूर असते आणि लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे नंबर 4 च्या पुढे गेला की दोन्हींत फरक पडतो. चष्म्याचा उणे 6 हा नंबर लेन्समध्ये हिशेबाने सुमारे उणे 5.6 होतो, म्हणजे प्रत्यक्षात बहुधा उणे 5.50 ची लेन्स द्यावी लागते. उणे 6 चीच घातली तर लांबचे स्पष्ट दिसते, पण डोळ्याला दिवसभर अकारण जोर द्यावा लागतो. नंबर जुळला तरी वक्रता आणि व्यास जुळतीलच असे नाही, आणि दोन ब्रँडमधील छापील वक्रता सारखी असली तरी साहित्य वेगळे असल्यामुळे बसणी वेगळी होऊ शकते. म्हणून तपासणीच्या शेवटी लेन्सचे स्वतंत्र, लिखित प्रिस्क्रिप्शन मागून घ्यावे आणि ब्रँड, नंबर, वक्रता, व्यास, बदलण्याची मुदत आणि सोल्यूशन हे सारे त्यात आहे ना ते पाहावे. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर वर्षानुवर्षे लेन्स मागवत राहिल्याने खरे नुकसान होते ते तपासणी टळल्याचे.

चाळिशी लागली की जवळचे वाचायला त्रास होतो, आणि लेन्स वापरणाऱ्यांना तो थोडा लवकरच जाणवतो, विशेषतः उणे नंबर मोठा असेल तर. लेन्स सोडून द्यायचे ते कारण नव्हे. लांब-जवळ दोन्हींसाठीच्या मल्टिफोकल लेन्स, किंवा एक डोळा लांबसाठी आणि दुसरा जवळसाठी अशी व्यवस्था, हे पर्याय तपासणीच्या वेळी विचारावेत.

आणखी एक गोष्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत हमखास राहून जाते. त्यांच्यात उणे नंबराची माणसे जास्त असतात, आणि मोठा उणे नंबर म्हणजे लांबट झालेला डोळा. अशा डोळ्यात दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला प्रकाश टिपणारा पडदा, ताणले जाऊन पातळ होते आणि ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. काचबिंदूचेही प्रमाण त्यांच्यात जास्त असते. लेन्समुळे उत्तम दिसत असले तरी डोळ्याची लांबी तीच राहते. म्हणून नंबर उणे 6 किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांनी बाहुल्या मोठ्या करून दृष्टिपटलाची तपासणी आणि डोळ्याच्या दाबाची मोजणी कधीच टाळू नये.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात

रोज लेन्स घातल्यावर आरशासमोर अर्धा मिनिट थांबून तीन गोष्टी पाहाव्यात : डोळा नेहमीसारखा पांढरा दिसतो का, लेन्स नेहमीसारखी वाटते का आणि नेहमीसारखे दिसते का. तिसरी गोष्ट एकेक डोळा झाकून पाहायची असते, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकून नेतो. खोलीतील एखादी ठरलेली लांबची वस्तू यासाठी निवडावी. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही असे आले तर लेन्स काढावी. ती उलटी घातली गेली आहे का ते पाहावे, सोल्यूशनने चोळून धुऊन पुन्हा घालून पाहावी, आणि तरीही तसेच वाटले तर त्या दिवशी चष्मा वापरावा.

स्वच्छतेचे नियम बहुतेकांना माहीत असतात, म्हणून जे मोडले जातात तेवढेच सांगतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बाटलीवर चोळण्याची गरज नाही असे लिहिले असले तरी लेन्स तळहातावर चोळावी. डबीतील कालच्या सोल्यूशनमध्ये नवी भर घालू नये. ते ओतून द्यावे, डबी ताज्या सोल्यूशनने विसळावी, पालथी घालून वाळवावी आणि तीन महिन्यांच्या आत बदलावी. महिन्याच्या लेन्सची मुदत पाकीट फोडल्यापासून मोजायची असते, घातलेल्या दिवसांची बेरीज करून नव्हे.

आणि पाणी. नळाचे असो, विहिरीचे असो, तलावाचे असो किंवा पिण्याचे असो, ते लेन्सला आणि डबीला अजिबात लागू देऊ नये. अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव साध्या पाण्यात राहतो आणि कठीण कवच धारण करून क्लोरीनलाही दाद देत नाही. लेन्समुळे सूक्ष्म ओरखडे पडलेल्या पारपटलात तो शिरला तर वरवर फारसे काही दिसत नसताना असह्य वेदना होतात, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. असा संसर्ग क्वचितच होतो, पण तो झालेल्यांत लेन्स वापरणाऱ्यांचाच भरणा असतो.

ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये अशा वेळी

लेन्स काढल्यानंतरही डोळा दुखत राहणे, लाली वाढत जाणे, उजेड सहन न होणे, नजर अंधुक होणे, घट्ट चिपडे येणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळे आले असतील असे समजून घरगुती उपाय करत बसू नये. स्यूडोमोनास जातीचे जंतू लेन्स वापरणाऱ्यांच्या संसर्गात वारंवार सापडतात आणि ते एक-दोन दिवसांत पारपटलाला खोल व्रण पाडू शकतात. तो बरा झाला तरी मागे फूल पडते, आणि ते मधोमध असेल तर नजर कायमची अधू होते. एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले, डोळ्यात विजेसारखे लखलखाट दिसू लागले किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर तो दृष्टिपटलाचा इशारा असतो आणि तेव्हाही थांबू नये.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत डोळ्यावर पट्टी बांधू नये, कारण झाकलेल्या उबेत जंतू फोफावतात. घरात पडून असलेले थेंब टाकू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरे वाटते आणि संसर्ग आत पसरत राहतो. काढलेली लेन्स फेकून देऊ नये. ती डबीसकट सोबत न्यावी, कारण पारपटलाच्या नमुन्यात जे जंतू सापडत नाहीत ते पुष्कळदा लेन्सवर किंवा डबीत सापडतात आणि त्यावरून योग्य औषध ठरवता येते.

बरे वाटू लागल्यावर लेन्स पुन्हा केव्हा घालायची, हे दुखणे थांबल्याच्या दिवसावरून ठरवू नये. औषधे संपल्यानंतर स्लिट लॅम्पखाली पृष्ठभाग पूर्ण भरून आल्याचे डॉक्टरांनी पाहिलेले असावे, जुन्या लेन्स, जुनी डबी आणि उघडलेली सोल्यूशनची बाटली टाकून दिलेली असावी, पहिले काही दिवस मोजकेच तास लेन्स घालावी, आणि पुन्हा सुरुवात केल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी होणारी फेरतपासणी निघतानाच ठरवून घ्यावी.